माजी सैनिक आणि आपली नोंदवही

धडगाव-अक्कलकुव्याकडील माजी सैनिक कंबर धरून पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येतो. अपंगत्व निवृत्तिवेतनाची टक्केवारी सैनिकी वैद्यकीय मंडळ ठरविते, आपला दाखला नव्हे. हे त्यास स्पष्ट सांगावे. तथापि धरमवीर सिंह प्रकरणी (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीवेळी नोंद नसलेला विकार सेवेत उद्भवल्यास तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. मंडळाचे मत विरुद्ध असल्यास त्याने कारणे द्यावीत. (२०२३ मध्ये नवे नियम आले आहेत.) मग विकार पुढे कसा वाढला, याचा माग कोठे मिळणार? तारखेविना नुसते ‘वातव्याधी’ लिहिलेल्या चिठ्ठ्या आमच्याही दप्तरी निघतील. लक्षणे केव्हापासून, सांधा किती वाकतो, औषध कोणते, हे दिनांकासह लिहून त्याची प्रत रुग्णास द्यावी.