गोळ्या मोजल्या, गुण आला का?



सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जागतिक आरोग्याबद्दलचं आपलं नवं 'अमेरिका फर्स्ट' धोरण जाहीर केलं. त्याआधी १ जुलैला यूएसएड ही संस्था बंद करून तिचं उरलंसुरलं काम याच खात्यात आणलं गेलं होतं. नव्या धोरणातला एक मुद्दा आपल्यातल्या बऱ्याच जणांना आवडलेला दिसतो. औषधं, तपासणीची किट्स आणि ती रुग्णापर्यंत नेणारे कर्मचारी यांचा पैसा २०२६ च्या आर्थिक वर्षात पूर्ण चालू ठेवायचा. कात्री लावायची ती 'तांत्रिक साहाय्य' आणि व्यवस्थापनाच्या खर्चाला. दिवाळीच्या फराळाला जमलो होतो तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "गोळी जाऊ दे, सल्लागार घरी येऊ दे. यात वाईट काय आहे?" आजूबाजूच्या चार डोक्यांनी माना डोलावल्या. ही मंडळी दुष्ट नाहीत. यातली निम्मी दरवर्षी गावाकडच्या दवाखान्यांना देणग्या देतात.

यात वाईट काय आहे ते सांगण्यासाठी हा लेख. मलेरियाच्या बाबतीत गोळी पोचवणं हे अर्धं काम आहे. त्या गोळीने त्या गावात आज गुण येतो का, हे पाहणं हे दुसरं अर्धं. आणि आजवर हे दुसरं काम ज्या खात्यातून व्हायचं ते नेमकं हेच 'तांत्रिक साहाय्य'.

मी न्यू जर्सीत औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत काम करते. त्यामुळे लोकांचा एक गैरसमज रोज ऐकते: औषध एकदा चाचणीत पास झालं की ते कायमचं पास. रक्तदाबाच्या गोळीबाबत एक वेळ हे चालेल. मलेरियाचा परजीवी मात्र जिवंत आहे आणि तो बदलतो. २००६ साली पास झालेली गोळी २०२६ साली त्याच जिल्ह्यात नापास होऊ शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की प्रत्येक बाधित देशाने ठरावीक केंद्रांवर निदान दर दोन वर्षांनी आपल्या औषधाची परीक्षा घ्यावी.

ही परीक्षा कशी असते? जिथे मलेरिया फार, तिथे प्रामुख्याने पाच वर्षांखालची मुलं. एका केंद्रावर शंभराच्या आतबाहेर रुग्ण पुरतात. प्रत्येक डोस नर्सच्या डोळ्यांदेखत द्यायचा. मग पहिल्या तीन दिवसांत रोज आणि पुढे सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मूल आलं नाही तर कुणीतरी सायकल काढून त्याच्या घरी जायचं. एक थेंब फिल्टर पेपरवर वाळवून ठेवायचा. विसाव्या दिवशी पुन्हा परजीवी सापडले, तर ते जुनेच उरलेले की नव्या डासाने दिलेले, हे त्या वाळलेल्या थेंबातल्या डीएनएवरून ठरतं. जुनेच निघाले तर औषध हरलं. हरण्याचं प्रमाण शेकडा दहाच्या वर गेलं, की देशाने औषध बदलावं असा दंडक आहे.

यात विमानाने फिरणारा सल्लागार कुठे दिसला का? इथे खर्च होतो तो नर्सवर, सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या तंत्रज्ञावर, सायकलवर आणि प्रयोगशाळेवर.

ही परीक्षा वेळेवर झाली नाही किंवा तिच्या निकालाकडे डोळेझाक केली, तर काय होतं हे आपल्याला माहीत आहे. मलावी या देशाने १९९३ साली क्लोरोक्विन सोडलं आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे जोड औषध घेतलं. पुढे २००५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी मलावीतल्या सहकाऱ्यांबरोबर ब्लँटायर शहरात मुलांवर दोन्ही औषधं तपासली. क्लोरोक्विन घेतलेल्या ८० मुलांपैकी एकाच मुलात ते हरलं. बारा वर्षं न वापरल्यामुळे तिथले परजीवी पुन्हा त्याला बळी पडू लागले होते. ही बातमी जगभर गाजली. दुसरा आकडा मात्र फारसा कुणी लक्षात ठेवला नाही. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन घेतलेल्या ८७ मुलांपैकी ७१ मुलांत ते हरलं. आणि तेव्हा मलावीचं सरकारी, पहिल्या पसंतीचं औषध तेच होतं!

चाचणीतल्या त्या ७१ मुलांवर लक्ष ठेवायला कुणीतरी होतं. त्यांना दुसरं औषध मिळण्याची सोय होती. चाचणीबाहेर देशभर तीच गोळी घेऊन आई घरी घेऊन गेली, त्या मुलांचं काय? कागदावर त्या सगळ्यांना 'उपचार मिळाला'. गोळ्या मोजणाऱ्याच्या दृष्टीने कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी.

हा एकट्या मलावीचा दोष नव्हता. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमीर अत्तारान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटना आणि ग्लोबल फंड यांच्यावर सरळ आरोप केला, की आफ्रिकेत निकामी ठरलेल्या औषधांना पैसा देणं म्हणजे वैद्यकीय गैरव्यवहार आहे. औषधं निकामी ठरल्याचे पुरावे त्यांच्याकडे होते, कारण कुणीतरी ते गोळा केले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष होते नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो. क्लोरोक्विनचा कोर्स साधारण दहा सेंटला आणि आर्टेमिसिनिनचं जोड औषध त्याच्या कितीतरी पट महाग; तरी जगाने एकत्र येऊन महाग औषधाचा भार उचलावा, असं त्यांनी सांगितलं. अर्थशास्त्रज्ञाला जे कळलं ते आपल्या हिशेबी मंडळींना कळू नये? न लागू पडणारी दहा सेंटची गोळी ही जगातली सर्वांत महाग गोळी आहे.

आता आजची स्थिती. आर्टेमिसिनिनला परजीवी दाद देईनासे झाल्याचं प्रथम पश्चिम कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास उघड झालं. आफ्रिकेत रवांडातून २०२० साली, युगांडातून २०२१ साली आणि एरिट्रियातून २०२३ साली तसेच पुरावे प्रसिद्ध झाले. रवांडात हा बदल सापडला तो औषधाच्या परीक्षेसाठी २०१५ पर्यंत जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत. कुणी ते थेंब वाळवून जपलेच नसते तर? अजून आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी जोड औषध चालतं, कारण आर्टेमिसिनिन मंदावलं तरी जोडीदार औषध उरलेलं काम करतं. पण जोडीदार कधी थकेल हे सांगणारी गोष्ट एकच: ही परीक्षा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली मलेरियाने सुमारे ६,१०,००० माणसं दगावली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. अशा वेळी परीक्षकालाच घरी पाठवायचं?

नेहमीचे तीन आक्षेप आहेत. एकेक घेऊ.

पहिला: त्यांचं त्यांनी करावं. करतातच. या परीक्षा त्या त्या देशाचे शास्त्रज्ञ आणि हिवताप कार्यक्रम चालवतात. अमेरिकेचा वाटा पैशाचा आणि प्रयोगशाळेतल्या मदतीचा. २००५ मध्ये जॉर्ज बुश यांनी सुरू केलेल्या प्रेसिडेंट्स मलेरिया इनिशिएटिव्हमधून हा पैसा जायचा, आणि अटलांटाच्या सीडीसीत आफ्रिकेतले शास्त्रज्ञ स्वतःच्या देशाचे नमुने घेऊन येऊन ते तपासायला शिकायचे. 'त्यांनी स्वतः करावं' याचा अर्थ हाच ना? जो शिकवणी लावून स्वतःच्या पायावर उभा राहत होता, त्याची शिकवणी तोडून त्याला स्वावलंबनाचं व्याख्यान द्यायचं, हा कुठला न्याय?

दुसरा: औषध कंपन्या बघतील. मी याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगते. कंपनीची परीक्षा मुख्यतः परवाना मिळेपर्यंतची. आपलंच औषध अमुक जिल्ह्यात आता चालत नाही, हे दर दोन वर्षांनी शोधत बसण्यात कुठल्या कंपनीचं हित आहे? आणि विकणाऱ्याने स्वतःचा तराजू स्वतःच तपासावा, हे आपण भाजीवाल्याच्या बाबतीतही मान्य करत नाही.

तिसरा: धोरणात साथींवर नजर ठेवण्याची आणि माहिती-यंत्रणांची तरतूद आहे की. आहे, आणि ती चांगलीच आहे. पण साथीवरची नजर अमेरिकेकडे काय येतंय ते बघते. किती जणांना ताप आला हे संगणकात भरलं जाईल. औषध घेऊन कितीजण अठ्ठाविसाव्या दिवशी बरे होते, हे त्यात आपोआप उमटत नाही. त्यासाठी कुणीतरी मुलाच्या दारात जावंच लागतं.

अमेरिकेला मलेरियाच्या औषधांची परीक्षा घेता येत नाही, असं तर मुळीच नाही. सीडीसीचा जन्मच १९४२ च्या युद्धकालीन मलेरिया विभागातून झाला. सैनिकांसाठी औषध हवं होतं तेव्हा इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम डास चावून घेऊन मलेरिया दिला गेला आणि शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्यांच्यावर औषधं तपासली. १९४० च्या दशकात सुरू झालेले हे प्रयोग १९७४ पर्यंत चालले. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी याच तुरुंगाचा दाखला दिला होता. भारतात व्हायवॅक्सच्या रुग्णाला आजही चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. त्या गोळीची बरीचशी परीक्षा त्या कैद्यांच्या शरीरावर झाली. तेव्हा इच्छा होती, कारण आजारी पडणारे आपले सैनिक होते. आज परीक्षा संमतीने, आजारी मुलाच्याच भल्यासाठी घ्यायची आहे, तर ती म्हणे वायफळ खर्च!

आणि आपण भारतातून आलेल्यांनी तरी हे विसरू नये. क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम आपल्याकडे प्रथम आसामात १९७३ साली सापडला. २०१० मध्ये देशभर फॅल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडी आली. ईशान्येत ती हरू लागल्याचं परीक्षांतून दिसलं, आणि २०१३ मध्ये तिथे जोडी बदलली. परीक्षा झाली म्हणून बदल झाला. गडचिरोलीच्या जंगलातल्या आदिवासी मुलाला मिळणारी गोळी चालते की नाही हे कुणी पाहू नये, असं फराळाच्या त्या बैठकीत कुणी म्हणालं असतं का? मग युगांडातल्या मुलाबद्दल मान का डोलते? हा प्रश्न आपल्याला टोचला पाहिजे.

स्वार्थच हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २,००० जण बाहेरून मलेरिया घेऊन येतात. २०२३ मध्ये तर फ्लोरिडा, टेक्सस, मेरीलँड आणि अर्कान्सामध्ये इथल्याच डासांकडून लागण झाली. इथल्या इस्पितळात गंभीर मलेरियाला शिरेतून दिलं जातं ते आर्टेसुनेटच. ते हरलं तर ते पासपोर्ट बघून हरणार नाही.

म्हणून तीन मागण्या. डिसेंबर २०२५ मध्ये केनियापासून परराष्ट्र खात्याने एकेका देशाशी नवे करार करायला सुरुवात केली. मलेरियाग्रस्त देशांशी होणाऱ्या प्रत्येक करारात औषधाच्या खरेदीबरोबरच दर दोन वर्षांच्या परीक्षेचा पैसा वेगळा लिहिलेला असावा. परीक्षेचे निकाल वर्षानुवर्षं पडून न राहता लगेच जाहीर व्हावेत. आणि नमुने तपासण्याचं अटलांटातलं प्रशिक्षण चालू राहावं.

पैसा काँग्रेस मंजूर करते, परराष्ट्र खातं नव्हे. तेव्हा आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात फोन करा, पत्र लिहा. ग्रीन कार्डवाले आणि एच-वनवालेही त्याच मतदारसंघात राहतात. पत्र लिहायला मतदार असावं लागत नाही. एकच प्रश्न विचारा: "आपल्या पैशाने घेतलेल्या मलेरियाच्या गोळीने गुण येतो का, हे यावर्षी कुठल्या देशात, कोण तपासतंय?" काय उत्तर येतं ते सगळ्यांना कळवा. उत्तर आलंच नाही तर तेही कळवा.