कोडाचा डाग आणि शरीरातील निरोप

घरात कुणाच्या ओठाजवळ किंवा बोटावर पांढरा डाग दिसला की "डॉक्टरांना दाखवलं का?" असं क्वचितच कुणी विचारतं. "मासळी खाऊन वर दूध प्यायलीस का?" हाच प्रश्न आधी येतो. मुलगी लग्नाची असेल तर त्यापाठोपाठ रिश्त्याची काळजी. जगात साधारण शंभरातील एकाला कोड आहे. तो कसा होतो हे आता बरेचसे कळले आहे, म्हणून या अंकात त्याविषयी लिहीत आहोत.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी वरच्या थराच्या तळाशी असतात. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. ज्या तबकात ते मांडले जातात त्यांना एचएलए प्रथिने म्हणतात. गस्त घालणाऱ्या टी-पेशी हे तबक तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशी नष्ट करतात.

धोक्याची चाहूल लागली की संरक्षक पेशी सायटोकाइन नावाची निरोपाची प्रथिने सोडतात. इंटरफेरॉन-गॅमा हे त्यांतील एक. हा निरोप रंगपेशीला पोहोचला की तिचे बाह्यरूप बदलते. तबकांची संख्या वाढते. एरवी तिच्यावर सहसा नसणारे एचएलए-डीआर दिसू लागते. टी-पेशीला धरून ठेवणारे आयकॅम-१ वाढते. टीएनएफ हे दुसरे निरोप-प्रथिनही त्यात भर घालते.

विषाणू शिरला असेल तर ही व्यवस्था फायद्याचीच. कोडात मात्र तबकात असतात रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेजसारख्या आपल्याच प्रथिनांचे तुकडे. काही टी-पेशी त्यांना परके समजून निरोगी रंगपेशी मारतात आणि मारताना आणखी इंटरफेरॉन सोडतात. त्यामुळे शेजारच्या त्वचापेशी सीएक्ससीएल-१० सोडतात आणि नव्या टी-पेशी तिथे ओढल्या जातात. डाग पसरतो तो असा.

याचा पुरावा कर्करोगाच्या दवाखान्यातही दिसतो. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग. त्यात टी-पेशींचा लगाम सैल करणारी औषधे देतात. त्यानंतर काही रुग्णांना कोड उठतो, आणि उपचार लागू पडत असल्याचे ते चांगले लक्षण मानले जाते.

म्हणजे कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा मासळी-दुधाने होत नाही. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. तो कुष्ठरोगही नाही. कोडाच्या डागावर स्पर्श नेहमीसारखा कळतो. डाग बधिर असेल तर मात्र लगेच तपासणी करावी.

उपचारही आहेत. डॉक्टर मलमे आणि अतिनील किरणांचे उपचार देतात. पेशीच्या आत इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेणारी जॅक प्रथिने अडवणारे रुक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झाले. मात्र काही टी-पेशी जुनी आठवण घेऊन त्वचेतच राहतात. म्हणून उपचार थांबल्यावर त्याच जागी डाग परतू शकतो. रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांतून, ठिपक्याठिपक्यांनी. चेहऱ्यावर लवकर, बोटांच्या टोकांवर फार उशिरा. त्यासाठी महिनोन् महिने धीर धरावा लागतो.

नाडीचा काच, चपलेचा घट्ट पट्टा, सततचे घासणे टाळावे; अशा जागी नवे डाग उठू शकतात. स्टेरॉइडचे मलम मनाने आणून लावू नये. थायरॉइडची तपासणी करावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

राहिला रिश्त्याचा प्रश्न. मुलीकडच्यांनी डाग लपवू नये. मुलाकडच्यांनी डाग पाहून उठून जाऊ नये. तिच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी आपल्याच माणसाला चोर समजले, एवढेच घडले आहे. आपणही तीच चूक कशाला करावी?