पोतं एकत्र आणा

बनारसच्या ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांतल्या काही मराठी घरांत अजूनही दहा-बारा पानं एका पंगतीला बसतात. अशा घराला किराणा महाग पडतो तो खाणारी तोंडं जास्त म्हणून नव्हे, तर तो रोज, थोडा थोडा आणि चौघांच्या हातून येतो म्हणून. सकाळी एकजण अर्धा किलो साखर आणतो, दुपारी तेलाची पिशवी येते, संध्याकाळी मुलं गल्लीतल्या दुकानातून बिस्किटं उचलतात. सगळं उधारीच्या वहीवर. महिनाअखेरीस आकडा बघून घरात खडाजंगी होते.

विश्वेश्वरगंजची मंडी आपल्यापासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. गहू, तांदूळ, अरहर (तूर), गूळ, मसाले घाऊक भावात मिळतात. तरी आपण टाळतो, कारण आपल्या बोळात गाडी शिरत नाही आणि पोतं आत आणायला हमाल लागतो. एका घराला ती मजुरी जड जाते. तीन घरांत वाटली की जाणवतही नाही. गणेशोत्सवाची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतो, तिचा हिशेबही चोख ठेवतो. पोत्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. शिवाय जुलै 2022 मध्ये लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळ, पिठावर 5 टक्के जीएसटी आला तो 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर; सुटा माल आणि त्याहून मोठी पोती सुटली. 26 किलोची पोती बाजारात दिसू लागली ती त्यामुळेच.

मात्र पोतं ठेवणार कुठे, हे आधी बघा. घाटाकडच्या वाड्यांचा तळमजला श्रावण-भाद्रपदात ओल धरतो. 1978 च्या पुरात तर इथे गंगा धोक्याच्या पातळीच्या अडीच मीटर वर गेली होती. नवा गहू चैत्र-वैशाखात येतो. तेव्हाच घ्या, गच्चीवर कडक उन्हं द्या आणि वरच्या मजल्यावर पत्र्याच्या कोठीत भरा. रवा, बेसन, शेंगदाणे पावसाळ्यात महिन्यापुरतेच आणा. स्वस्तात घेऊन किड्यांना घालायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तेल सुटं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून अधिक माणसं दगावली. बंद डबा घ्या आणि त्यावरचं वजन वाचा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, त्यामुळे लिटरचा भाव किलोच्या भावाशी ताडून बघू नका. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त, असंही नाही. शांपूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा परवडते.

पैशाची खरी गळती दुसरीकडेच आहे. 2022-23 च्या सरकारी खर्च-पाहणीत शहरी घरांच्या खर्चात धान्याचा वाटा 5 टक्क्यांहूनही कमी निघाला. पेयं, फराळ आणि तयार खाद्यपदार्थांचा 10 टक्क्यांहून जास्त. घरातल्या सहाजणांनी रोज दहा रुपयांचं नमकीन फोडलं तर महिन्याला 1800 रुपये झाले. बनारसात राहून कचोरी-जिलबी सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही, सांगून कुणी ऐकणारही नाही. पण चुरा, म्हणजे पोहे, इथे चांगला आणि स्वस्त मिळतो. डबाभर चिवडा घरी केला की पाकिटं आपोआप कमी होतात.

ज्यांच्याकडे पात्र गृहस्थीचं रेशनकार्ड आहे त्यांनी ते आजच काढून बघावं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. नवी सून, नातवंडं यांची नावं चढवायची राहिली असतील तर त्यांचा वाटा दर महिन्याला बुडतो आहे.

पुढच्या महिन्याची यादी करण्याआधी शेजारच्या दोन घरांत विचारून या. हिशेबाची वही एकीच्याच हाती द्या आणि हमालाची मजुरी मंडीतच ठरवा.