ध्रुवीय प्रकाशासाठी मार्चचा बेत

ध्रुवीय प्रकाश बघायचा तर नाताळच्या सुट्टीतच, असं आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींनी ठरवूनच टाकलेलं असतं. स्टॉकहोमला राहणारी आमची लेकही तेच म्हणते, "बाबा, तुम्ही आणि आई डिसेंबरात या." मी तिला मार्च सुचवला आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्या गावाकडे, भालकीला, येळवस हा सण असतो. त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं आणि आंबिल-भज्जी सोडून मी कुठे जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे. पण मार्चचं मोठं कारण आकाशात आहे.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं. त्या वाऱ्याची चुंबकीय दिशा आपल्या क्षेत्राच्या उलट असली की ऊर्जा आत शिरते, साठते आणि मोकळी होताना कण ध्रुवाभोवतीच्या कड्यासारख्या पट्ट्यात हवेवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वरचा लाल. नायट्रोजनमुळे निळी-जांभळी छटा येते. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, ही उलटी दिशा जास्त वेळा जुळून येते. त्या दिवसांत चुंबकीय वादळंही अधिक होतात.

आमचा बेत आहे स्वीडनच्या उत्तर टोकाला असलेल्या आबिस्कोचा. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट तिथे जाते. पश्चिमेचे डोंगर ढगांचं पाणी अडवतात, त्यामुळे तिथलं आकाश आसपासच्या भागापेक्षा जास्त वेळा मोकळं असतं. ते ठिकाण नेमकं त्या पट्ट्याखाली आहे, त्यामुळे मोठ्या वादळाची वाट बघावी लागत नाही. सूर्य थोडा अस्वस्थ असला तरी पुरतं. आडवे येतात ते ढग. डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. साठी ओलांडलेल्या माणसांना कडाक्याच्या थंडीत सगळे दिवस अंधारात काढणं जड जातं. मार्चमध्ये दिवसा ऊन आणि रात्री पुरेसा काळोख, दोन्ही मिळतं. चांदण्यात फिका प्रकाश बुडतो, म्हणून कालनिर्णय समोर ठेवून अमावास्येच्या आसपासच्या तारखा निवडल्या आहेत. अमावास्येला प्रवासाला निघू नये, असं आमच्या घरात मानतात. त्यावर तोडगा सोपा आहे, दोन दिवस आधी निघायचं.

आपल्या अक्षांशावर असा बेत आखताच येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्याआधी सप्टेंबर १८५९ मध्ये आजवरच्या नोंदींतल्या सर्वांत प्रचंड सौरवादळांपैकी एक आलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली. जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर मोजताना आजही कुलाब्याच्या या नोंदीचा आधार घेतात. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालं, ते टिपणारी वेधशाळा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची आहे. हानले त्या पट्ट्यापासून फार दूर, म्हणून क्षितिजावर फक्त उंचावरचा लाल भाग डोकावतो. आपल्या भागात हा प्रकाश म्हणजे कधी काळी येणारा पाहुणा, त्याच्या भरवशावर तिकीट काढता येत नाही.

सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रातला भर सुरू असल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. भर ओसरतानाची वर्षंही वादळांची असतात. म्हणून धावपळ करायचं कारण नाही.

तयारी मात्र वेळेवर हवी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अंगात एकच जाड कोट घालण्यापेक्षा लोकरीचे थरावर थर बरे. बूट थोडे सैल घ्यावेत, म्हणजे दोन मोजे मावतात आणि पाय गारठत नाहीत. रक्तदाब-मधुमेहाची औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोबाइलची बॅटरी थंडीत झटकन उतरते, तो आतल्या खिशात असावा. घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट आधीच सांगावी: छायाचित्रात दिसतो तेवढा हिरवा रंग डोळ्यांना नेहमी दिसत नाही. फिका प्रकाश पांढुरक्या ढगासारखा वाटतो, जोर आला की मगच रंग भरतो.

सहलींच्या जाहिरातींत पाच शहरं आणि प्रकाशासाठी एखादीच रात्र असते. त्या रात्री ढग आले की आयुष्याची पुंजी खर्चून माणसं नुसता बर्फ बघून परततात, याचं मला फार वाईट वाटतं. जाणार असाल तर शहरं कमी करा आणि एकाच ठिकाणी निदान चार-पाच रात्री राहा. तेवढे पैसे आज नसतील तर कर्ज काढू नका, एक वर्ष थांबा.