लोकप्रियता गायकाची, मालकी कोणाची?

गाण्याची लोकप्रियता कोण मोजतो, यावरच कोणाचे गाणे मोजले जाणार हे ठरत असते. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ तबकड्यांचा खप आणि श्रोता-संघांची पसंती पाहून गाण्यांना पायरी देत असे. त्या पायऱ्या हिंदी चित्रपटगीतांच्या होत्या. भीमजयंतीच्या मंडपात रात्रभर गाणाऱ्या गायकाला त्या मोजणीत जागाच नव्हती.

ही मिरासदारी मोडली ती कॅसेटने. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेट खेडोपाडी पोचली आणि आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट’ हे गाणे महाराष्ट्रभर गाजले. भक्तिगीते व भीमगीते घरोघर पोचविणारे प्रल्हाद शिंदे हे त्यांचे वडील. त्यांच्याच तालमीत हा गळा घडला. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावातला शेतमजूर या गाण्याच्या क्रमांकासाठी कोणत्याही यादीकडे पाहत बसला नाही. वरातीतल्या भोंग्यानेच तो ठरविला.

अशा गाण्यांना उथळ म्हणून नाक मुरडणारे पुरोगामीही आहेत. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले ते तमाशाचाच बाज घेऊन, याचे त्यांना विस्मरण झालेले दिसते. श्रमिकांची करमणूक तुच्छ मानणारी चळवळ श्रमिकांपासून दुरावते.

खरा प्रश्न अभिरुचीचा नसून मालकीचा आहे. एकरकमी मानधन द्यायचे आणि कायमचे हक्क लिहून घ्यायचे, ही या व्यवसायातील जुनी रीत. गाणे वर्षानुवर्षे विकले जाते. ते लिहिणारा व गाणारा मात्र पुढच्या कार्यक्रमाच्या सुपारीची वाट पाहतो. गिरणीतल्या कापडाचे जे होते, तेच येथे गळ्याचे होते.

कायदा अगदीच मुका नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांचे हक्क मान्य केले. २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा करार करूनही कंपनीला काढून घेता येत नाही. परंतु करार इंग्रजीत आणि कलावंत असंघटित, अशा स्थितीत हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांतील शाहीर, गायक व वादक यांची नोंद करावी, त्यांचे करार मराठीत समजावून द्यावेत आणि त्यांची संघटना बांधावी. सभेपूर्वी गर्दी जमविण्यासाठी ज्यांचा आवाज हवा असतो, त्यांच्या म्हातारपणाच्या भाकरीची जबाबदारी चळवळीला टाळता येणार नाही.