धुराड्याशेजारी राहून शेअर कळत नाही

रायपूरजवळच्या अभनपूर परिसरात सध्या पैसा आला आहे आणि तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न घरोघरी आहे. सरकार क्विंटलला 3100 रुपये देऊन एकरी 21 क्विंटलपर्यंत धान घेतं. रायपूर-विशाखापट्टणम महामार्ग इथल्याच झांकीपासून निघतो. त्यात जमिनी गेल्या, मोबदला मिळाला. पूर्वी असा पैसा सोन्यात, शेतात नाहीतर बँकेच्या मुदत ठेवीत जायचा. आता घरातली मुलं मोबाईलवर डिमॅट खातं उघडतात आणि शेअर घेतात. जरूर घ्यावेत. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या नादी लागण्यापेक्षा हे शतपटीने बरं. त्या बाजारात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वैयक्तिक सौदे करणाऱ्या 93 टक्के लोकांनी पैसे गमावले, हे सेबीनेच जाहीर केलं आहे. माझी हरकत आहे ती शेअर निवडण्याच्या रीतीला.

ही रीत म्हणजे तोंडओळख. "काका, सिलतराची कंपनी आहे, आपल्या डोळ्यांसमोरची. भट्टी कधी बंद नसते, ट्रकांची रांग हटत नाही," असं पुतण्या सांगतो. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतही हेच ऐकू येतं. रायपूर हे लोखंडाचं गाव. उरला आणि सिलतराची धुराडी आपण रोज बघतो, कुणाचा भाऊ तिथे फिटर आहे, कुणाचा ट्रक तिथे लागलेला आहे. त्यामुळे मुंबईच्या दलालापेक्षा या कंपन्या आपल्याला जास्त कळतात, असं सगळ्यांना मनापासून वाटतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली आणि या समजुतीची मला काळजी वाटते.

इथल्या राइस मिलांना कर्ज दिलं की दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं आणि आम्ही तपासणीला जायचो. गोदामात धानाच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. समोरून ओळी मोजल्या, उंची मोजली, गुणाकार केला की आकडा कागदाशी बरोबर जुळायचा. मुरलेला अधिकारी मात्र शिडी मागवायचा आणि थप्पीवर चढायचा. वरून बघितलं की एखाद्या ठिकाणी चारही बाजूंनी पोती आणि मध्ये विहिरीसारखी पोकळी दिसायची. पोत्यांची संख्या बरोबर निघाली तरी पुढचा प्रश्न होताच: हे धान मिलवाल्याचं की कस्टम मिलिंगसाठी, म्हणजे सरकारकरता भरडायला, आलेलं मार्कफेडचं? धान डोळ्यांना दिसतं. ते कुणाच्या मालकीचं आणि त्यावर कुणाचा बोजा, हे कागदाखेरीज कळत नाही. कारखान्याचं अगदी असंच असतं.

मोनेट इस्पातचंच बघा. 30 मार्च 2025 ला सुरू झालेली अभनपूर-रायपूर मेमू मंदिर हसौदवरून जाते. मोनेटचा जुना स्पंज आयर्नचा कारखाना या मंदिर हसौदचाच. पुढे कंपनीने छत्तीसगडमधल्याच रायगढजवळ मोठा पोलाद कारखाना उभारायला घेतला आणि ओडिशात अंगुलला 1050 मेगावॉटचा वीज प्रकल्प. दोन्ही प्रचंड कर्जावर. भरवसा होता तो रायगढ जिल्ह्यातल्या गारे पाल्मा 4/5 या स्वतःच्या कोळसा खाणीवर. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 218 पैकी 214 कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं. त्यात ही खाण गेलीच, शिवाय आजवर काढलेल्या कोळशावर टनामागे 295 रुपये भरण्याचा आदेश झाला. लिलावात ती खाण हिंडाल्कोकडे गेली. त्याच सुमारास पोलादाचे भाव कोसळले. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या 12 मोठ्या थकबाकीदारांना दिवाळखोरी प्रक्रियेत ढकललं, त्यांत मोनेट होती. 2018 मध्ये आयॉन आणि जेएसडब्ल्यू यांनी मिळून ती घेतली, 2023 मध्ये ती जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली. या सगळ्या काळात मंदिर हसौदवरून जाणाऱ्या माणसाला कारखाना दिसतच होता. वाढतं कर्ज, अर्धवट प्रकल्पांत अडकून पडलेली रक्कम आणि नफ्यातला मोठा वाटा खाणारं व्याज, हे मात्र फक्त वार्षिक अहवालात दिसत होतं, आणि खाण जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

आता सिलतराची गोदावरी पॉवर अँड इस्पात बघा. धंदा तोच, रायपूरही तेच. ही कंपनी 2006 मध्ये शेअर बाजारात आली. तिनेही कर्ज काढून विस्तार केला. पेलेटचा, म्हणजे खनिजाच्या भुकटीपासून गोळ्या करण्याचा, कारखाना घातला, इतकंच काय, थेट जैसलमेर जिल्ह्यात 50 मेगावॉटचा सौर औष्णिक प्रकल्प उभारला. 2015-16 च्या मंदीत तीही तोट्यात होती. त्या वर्षी नुसता नफा-तोटा बघणाऱ्याने दोन्ही कंपन्या एकाच टोपलीत टाकल्या असत्या. फरक होता खाणींचा. गोदावरीकडे कांकेर जिल्ह्यातली आरी डोंगरी आणि तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातली बोरिया टिब्बू या लोहखनिजाच्या खाणी होत्या, आणि त्या तिच्या हातातच राहिल्या. एक टन स्पंज आयर्नला दीड टनाहून जास्त खनिज लागतं. ते बाजारभावाने विकत घेणारा आणि स्वतःच्या खाणीतून काढणारा, यांच्या टनामागच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक पडतो. ओडिशात 2020 च्या लिलावांत काही खाणींसाठी कंपन्यांनी खनिजाच्या किमतीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास प्रीमियम द्यायचं कबूल केलं. त्यावरून लिलावाआधी मिळालेल्या जुन्या खाणीची किंमत ओळखा. मंदी सरल्यावर गोदावरीने आलेला पैसा कर्ज फेडायला लावला, राजस्थानचा सौर प्रकल्प विकून टाकला आणि 2021-22 पर्यंत ती जवळपास कर्जमुक्त झाली. मला या कंपनीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या विक्रीचं. एकदा मोठ्या हौसेने बांधलेली वस्तू विकून हिशेब साफ करणारे प्रवर्तक मी कर्ज विभागात फार थोडे पाहिले.

म्हणून आज हा शेअर घ्या, असं मी म्हणत नाही, आणि पुतण्यालाही तेच सांगितलं. लोखंडाच्या धंद्यात स्वस्त दिसणारा शेअर बहुतेक वेळा तेजीच्या माथ्यावर असतो. तेव्हा नफा भरमसाट असतो, म्हणून किंमत नफ्याच्या चार-पाच पटच दिसते. पुढच्या वर्षी भाव पडतात, नफा अर्ध्यावर येतो, आणि चार पटींना घेतलेला शेअर आठ पटींना पडलेला असतो. शिवाय सरकारच्या एका आदेशावर गणित फिरतं. 22 मे 2022 ला पेलेटच्या निर्यातीवर एकदम 45 टक्के शुल्क लागलं, नोव्हेंबरात ते उठलं. पेलेट विकणाऱ्याचं ते वर्ष कसं गेलं असेल! बेंजामिन ग्रॅहमने सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी धरायला सांगितलं होतं. रायपूरच्या कंपन्यांना हा नियम जितका लागू पडतो, तितका साबण विकणाऱ्या कंपनीला पडत नाही.

पुतण्याला मी वही घालायला लावली आहे. एकच कंपनी, दहा वर्षांचे अहवाल. ते कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दर वर्षाचं एकूण कर्ज, भरलेलं व्याज, धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड, प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर, आणि प्रवर्तकांच्याच इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार. नफ्याचा आकडा त्याने सगळ्यात शेवटी लिहायचा. खाण असेल तर तिच्या पट्ट्याची मुदत कोणत्या साली संपते, हे वेगळ्या पानावर. 2015 च्या कायद्याने कंपन्यांच्या स्वतःच्या वापराच्या जुन्या खाणींना 31 मार्च 2030 किंवा पट्टा मिळाल्यापासून 50 वर्षं, यातली जी तारीख नंतरची असेल तिथपर्यंत मुदत दिली आहे. 2030 आता दूर नाही. मुदतीनंतर खाण लिलावात गेली आणि तोच प्रीमियम द्यावा लागला, तर गेल्या दहा वर्षांचा नफा पुढच्या दहा वर्षांना लावता येणार नाही.

एक मागणी कंपन्यांकडेही आहे. या अहवालांची दोन-तीनशे पानं इंग्रजीत असतात आणि तीही वकिली इंग्रजीत. अभनपूरचा धान पिकवणारा भागधारक ती वाचू शकत नाही, म्हणूनच तो व्हॉट्सअॅपवरच्या टिपेवर विसंबतो. ज्यांच्या गावात कारखाने उभे राहिले, ज्यांच्या डोक्यावर त्यांचा धूर आहे, त्या भागधारकांसाठी कर्ज, रोकड, खाणी आणि खटले यांचा वीस पानांचा गोषवारा हिंदीत काढायला किती खर्च येईल? सेबीने हे बंधनकारक करावंच. तोवर रायपूरच्या कंपन्यांनी आपणहून सुरुवात करावी, आणि आपल्यासारख्या भागधारकांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून हे मागावं. सभा आता ऑनलाइन होतात, प्रश्न आधी ईमेलने पाठवता येतो. पुतण्याचा प्रश्न मी पाठवायला लावला आहे.