पेठेतील पादचाऱ्याची हद्दपारी

३१ मे २०२५ची सायंकाळ. पुण्याच्या सदाशिव पेठेत, भावे हायस्कूलनजीक चहाच्या टपरीपाशी नेहमीप्रमाणे माणसे उभी होती. त्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी बरेच होते. अचानक एक मोटार त्या घोळक्यात घुसली आणि बारा जण जखमी झाले. चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही दिवस मद्यपी चालक, बेकायदा टपऱ्या आणि रात्रंदिवस चौकात रेंगाळणारी परगावची मुले यांवर यथेच्छ चर्चा झाली. 'टपरीपाशी गर्दी करायचीच कशाला?' असाही एक शहाजोग सूर उमटला. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. या पेठेत पायी हिंडणाऱ्या माणसाने उभे राहायचे तरी कोठे?

सदाशिव पेठ ही मुळात पायांसाठी वसलेली वस्ती आहे. शाळा, देऊळ, वाणी, वैद्य, वाचनालय, नाट्यगृह हे सारे घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर. एकीकडे भारत इतिहास संशोधक मंडळ, दुसरीकडे भरत नाट्य मंदिर, मध्ये ज्ञानप्रबोधिनी, पलीकडे विश्रामबागवाडा. आणि वाटेत खुन्या मुरलीधरापासून नागनाथ पारापर्यंत घटकाभर टेकता येईल अशी ठिकाणे. परदेशातील नगररचनाकार आज 'पंधरा मिनिटांचे शहर' म्हणून ज्या कल्पनेचा गवगवा करतात, ती येथे कोणत्याही परिसंवादाविना पेशवाईपासून नांदत होती. या पेठेतील मुलगा सहाव्या वर्षी एकटा शाळेत जाई आणि ऐंशीच्या घरातले आजोबा एकटे व्याख्यानाला जात. त्यासाठी कोणाच्या मोटारीची वा सोबतीची वाट पाहावी लागत नसे.

आज त्याच आजोबांनी घराबाहेर पाऊल टाकून पाहावे. जोत्याला खेटून दुचाकींची रांग लागलेली. तिला वळसा घालून पुढे जावे तर समोरच्या बाजूस उभी असलेली मोटार. दोहोंमधील चिंचोळ्या वाटेने मागून रिक्षा आणि पुढून दुचाकी येत असते, आणि दोघांच्याही भोंग्यांचा रोख आजोबांवरच असतो. मुख्य रस्त्यावर पदपथ आहे म्हणावे, तर दर दहा पावलांवर एखाद्या इमारतीचे फाटक येते. तेथे पदपथ उतरतो आणि फाटक सरले की पुन्हा चढतो. मध्येच विजेची डीपी, मध्येच झाडाचे आळे, मध्येच दुकानाची पायरी आणि तीवर मांडलेला माल. फरश्या तर वरचेवर उखडून नव्या बसवल्या जातात. जुन्या का काढल्या हे विचारायचे नसते. गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाने ही चढउतार किती वेळा करावी? तो मुकाट्याने रस्त्यावर उतरतो. आणि मग काही बरेवाईट झाले की 'पादचारीच रस्त्याच्या मधून चालत होता' असे सांगायला सगळे मोकळे!

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: 'पेठेतल्या गल्ल्या अरुंद आहेत, त्याला कोण काय करणार?' हे उत्तर जितके सोयीचे आहे, तितकेच खोटे आहे. सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. एका बाजूला आडव्या लावलेल्या दुचाकी दोन मीटर खातात आणि दुसऱ्या बाजूची मोटार पावणेदोन मीटर. उरते सव्वादोन मीटर, आणि त्यातच वाहनांनी जायचे, माणसांनीही जायचे. म्हणजे गल्लीची निम्म्याहून अधिक जागा कोणाच्याही जाण्यायेण्याच्या उपयोगाची नाही. ती निव्वळ निर्जीव यंत्रांच्या विश्रांतीसाठी, आणि तीही फुकट, दिलेली आहे. पेठेत घरासाठी चौरस फुटाचा भाव ऐकून मध्यमवर्गीय माणसाच्या छातीत धडकी भरते. त्याच पेठेत मोटारीला शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा छदामही न मोजता मिळते. गल्ली अरुंद नाही. ती वाटून टाकलेली आहे.

ही वाटणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. पेठेतील वाडे पडू लागले आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. विकास आराखड्यातील रस्तारुंदीच्या रेषेनुसार नव्या इमारतीला काही फूट मागे सरावे लागते. मालक ती पट्टी महापालिकेच्या स्वाधीन करतो आणि बदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळते. म्हणजे समाजाने त्या पट्टीची किंमत मोजली. मग ती मिळाली कोणाला? एक वाडा पडला, शेजारचा भाडेकरूंच्या खटल्यात अडकून उभाच राहिला. एक इमारत मागे, दुसरी पुढे. अशी दातरे पडलेली गल्ली रस्ता म्हणून रुंद होतच नाही. जे खळगे तयार होतात, ते त्या-त्या इमारतीच्या दुचाकींचे कायमचे वाहनतळ बनतात. इमारतीच्या तळमजल्यावर नकाशात दाखवलेले वाहनतळ पुष्कळदा दुकानाने वा गोदामाने गिळलेले असते, म्हणून गाड्या बाहेर. सार्वजनिक पैशाने घेतलेली जमीन खासगी वापरासाठी परत गेली आणि ज्याच्या नावाने रुंदी मागितली होती तो पादचारी पूर्वी सरळ चालत होता, तो आता नागमोडी चालू लागला. या व्यवहारात कोणी लाच खाल्ली असेही म्हणता येत नाही. सर्वांच्या सोयीने, सर्वांच्या डोळ्यांदेखत हे घडले.

पुणेरी पाट्यांचे महाराष्ट्राला मोठे कौतुक. 'फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही त्यांतली सर्वात लोकप्रिय पाटी. आपल्या फाटकासमोरची सार्वजनिक जागा आपली, ही त्या पाटीची गृहीत धरलेली घटना! पण पाटी लावणाऱ्या त्याच गृहस्थाची दुसरी गाडी कोठे असते? कोपऱ्यावर, पदपथावर, जेथे पाटी नाही तेथे. सम-विषम तारखांचे वाहनतळ हीसुद्धा या शहराची खासियत. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. चालणाऱ्यासाठी राखलेली तारीख मात्र त्या कोष्टकात कोठेच नाही.

नाही म्हणायला एक तारीख आहे. २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस पुणे महापालिका 'पादचारी दिन' म्हणून पाळते. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद असतो. सतरंज्या, खेळ, रांगोळ्या, छायाचित्रे असा सगळा थाट असतो. १२ डिसेंबरला सकाळी जैसे थे! ज्याला वर्षातून एक दिवस द्यावा लागतो, त्याचे उरलेले ३६४ दिवस कोणाचे, हे सांगायला नको. याच महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आहे. रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वेही तिच्याकडे आहेत. जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ बांधून तिने आपल्याला जमते हेही दाखवले. पण तो मिरवायचा रस्ता. ज्या गल्ल्यांत माणसे राहतात, तेथवर हे धोरण पोहोचले नाही.

कायद्याची उणीव आहे म्हणावे तर तेही नाही. पदपथावर वाहन उभे करण्यास १९८९च्या रस्ता-नियमांनी मनाई केली आणि २०१७च्या नियमांत ती कायम आहे. निवासी भागात पदपथाची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. सदाशिव पेठेतील अपघात त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी झाला. ७ ऑक्टोबर २०२५च्या आदेशात न्यायालयाने देशातील पन्नास मोठ्या शहरांतील पदपथांची तपासणी करण्यास फर्मावले आणि पादचाऱ्यांसंबंधीचे नियम करण्यासाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत घातली. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती. एखाद्या युद्धात एवढी माणसे गेली असती तर राष्ट्राने शोक पाळला असता.

मग अडते कोठे? मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले. सार्वजनिक रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्याने त्या जागेचे भाडे द्यावे, इतकी साधी त्यामागची कल्पना. प्रथम पाच रस्त्यांवर प्रयोग व्हायचा होता. पण केवढा गहजब झाला! 'सामान्य माणसाची लूट' म्हणून आंदोलने झाली, आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. महापालिकेत तेव्हा भारतीय जनता पक्षाचे स्पष्ट बहुमत होते, हे येथे आडपडदा न ठेवता नोंदवले पाहिजे. विरोधकांनी विरोध केला तो मतांसाठी. सत्ताधाऱ्यांनी माघार घेतली तीही मतांसाठीच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार चालला. प्रशासकाला तर मतांची भीती नव्हती. त्यानेही पेठांतील गल्ल्यांना हात लावला नाही. या सर्व काळात 'सामान्य माणूस' म्हणजे गाडीवालाच, हे समीकरण कोणीही तपासले नाही. बोळातून भाजीची पिशवी घेऊन जाणारी बाई सामान्य नाही काय? खाणावळीतून अभ्यासिकेकडे पायी जाणारा, मराठवाड्यातील खेड्यातून आलेला मुलगा सामान्य नाही काय?

दुर्दैव असे की यात शासनाला नावे ठेवणारा सुशिक्षित मध्यमवर्गच या हद्दपारीचा सर्वात मोठा लाभार्थी आहे. पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे वृत्त २०१८ मध्येच आले होते. ती वाहने काही आकाशातून पडलेली नाहीत. कोपऱ्यावरून दूध आणायला दुचाकी लागते. चार गल्ल्यांपलीकडच्या मैदानावरील प्रभात शाखेला तरुण स्वयंसेवक दुचाकीवरून येतो आणि तेथे पोहोचल्यावर व्यायाम करतो! उत्सवांचेही तेच. गणेशोत्सव हा या शहराचा प्राण आहे, त्याला कोणी बोट लावू नये. परंतु मांडव गल्लीची पूर्ण रुंदी अडवून का उभा राहावा, विसर्जनानंतर त्याचे सांगाडे रेंगाळत का राहावेत आणि खांबांसाठी खणलेले खड्डे कोणी बुजवायचे, हे मंडळांनी स्वतःला विचारायला हवे. मांडवांनी रस्ते आणि पदपथ अडवू नयेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावल्यावर अनेकांना तो श्रद्धेवरील आघात वाटला. देवाला पायी जाणाऱ्या भक्ताची वाट अडवून कोणती श्रद्धा साधते?

वस्तुतः चालणे हा तर या समाजाचा संस्कार. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा लक्ष्मी रस्ता तासन् तास वाहनांना बंद राहतो. लाखो पावले त्यावरून जातात आणि एकही व्यापारी तक्रार करीत नाही. अनंत चतुर्दशीलाही तेच. अर्थात रस्ता पायांना देता येतो, शहर बुडत नाही, धंदाही बसत नाही, हा प्रयोग पुणे दरवर्षी स्वतःवर करते आणि दरवर्षी त्याचा निष्कर्ष विसरते. कोपनहेगनमध्ये १९६२ साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद झाला, तेव्हा तेथील दुकानदारांनीही आकांडतांडव केले होते. आज ते कोणी बदलू देणार नाही. पण ज्याच्या दारावरून वारी जाते, त्याने डेन्मार्कला जायचे कारण नाही.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. हजारो कोटी रुपये खर्चून माणूस पेठेच्या उंबरठ्याशी आणून सोडला. तेथून घरापर्यंतची शेवटची दहा मिनिटे त्याने पायीच जायची आहेत, आणि नेमकी तीच वाट कोणाच्याही अंदाजपत्रकात नाही. ती सुखरूप नसेल तर तो मेट्रोकडे दुचाकीवरून जाईल आणि दुचाकी पुन्हा एखाद्या गल्लीतच लावील.

करायचे काय, हे फार गूढ नाही. पेठेतील बहुतेक गल्ल्यांना पदपथ नकोच आहे. एका बाजूचे वाहनतळ पूर्ण उठवावे, दुसऱ्या बाजूच्या जागेचे भाडे घ्यावे आणि वाहनाचा वेग माणसाच्या चालीला जुळेल इतका खाली आणावा. मुख्य रस्त्यावर फाटकापाशी पदपथ खाली उतरवण्याऐवजी गाडीने चढून जावे. रस्तारुंदीत मिळालेला प्रत्येक खळगा चालण्यासाठी म्हणून आखून द्यावा आणि नकाशातील वाहनतळ गिळणाऱ्या दुकानांना नोटिसा द्याव्यात. यासाठी नवा कायदा वा नवा पूल लागत नाही.

आणि महापालिकेच्या सर्वेक्षणाची वाट तरी का पाहावी? पूर आला की धावून जाणारी, रक्तदानाला रांगा लावणारी कार्यकर्त्यांची फळी या पेठेत आजही आहे. एका रविवारी सकाळी दहा जणांनी मोजपट्टी, खडू आणि वही घेऊन निघावे. प्रत्येक गल्लीची रुंदी, उभ्या वाहनांनी व्यापलेली जागा आणि चालायला उरलेली जागा मोजावी. पेठेतील एखाद्या आजींना सोबत घ्यावे आणि त्यांना ज्या ज्या ठिकाणी पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले तेथे तेथे खूण करावी. तो नकाशा, न्यायालयाचे दोन्ही आदेश जोडून, कसबा–विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात रीतसर द्यावा आणि पोच घ्यावी. जाताना मात्र पायी जावे.